सेंट लुशियात एक दिवस: क्रूझवरून उतरणाऱ्या गटासाठी सविस्तर नियोजन

दक्षिण कॅरिबियनच्या क्रूझमध्ये सेंट लुशिया हे बेट बहुधा एकाच दिवसापुरते वाट्याला येते. सकाळी आठच्या सुमारास जहाज कॅस्ट्रीझ या राजधानीच्या धक्क्याला लागते आणि संध्याकाळी पाच-सहाच्या दरम्यान सुटते. दोघेच प्रवासी असतील तर हा दिवस आयत्या वेळी ठरवूनही छान जातो. परंतु अमेरिकेत राहणारी तीन-चार मराठी कुटुंबे, त्यांच्याकडे भारतातून आलेले आजी-आजोबा आणि पाच ते पंधरा वयाची मुले असा बारा-चौदा जणांचा गट उतरणार असेल, तर आयत्या वेळचे ठरवणे म्हणजे धक्क्यावरच तासभर चर्चा करणे होय. अशा गटाचा दिवस दोन गोष्टींवर बेतावा लागतो: जहाजावर परत चढण्याची शेवटची वेळ आणि गटातील सर्वांत सावकाश चालणारी व्यक्ती. पाहण्याच्या स्थळांची यादी त्यानंतर करावी. पुढील सर्व सूचना याच क्रमाने दिल्या आहेत.

उत्तर की दक्षिण, हे घरीच ठरवावे

हे बेट उत्तर-दक्षिण सुमारे ४३ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे २२ किलोमीटर, म्हणजे नकाशावर अगदीच चिमुकले दिसते आणि तिथेच फसगत होते. कॅस्ट्रीझ वायव्य किनाऱ्यावर आहे आणि ज्यांच्यासाठी हे बेट प्रसिद्ध आहे ते पिटॉन नावाचे दोन सुळके नैऋत्येला सूफ्रिएर गावाजवळ आहेत. मधला रस्ता जेमतेम ४० किलोमीटरचा असला, तरी तो डोंगराच्या सोंडा चढत-उतरत, एकामागून एक वळणे घेत जातो आणि त्याला एका बाजूने सव्वा ते दीड तास लागतो. आपल्याकडच्या आंबेनळी किंवा अंबोली घाटातून गेलेल्यांना याचा अंदाज चटकन येईल.

उत्तरेला याच्या अगदी उलट स्थिती आहे. रॉडनी बे, तिथला रेड्वी नावाचा पांढऱ्या वाळूचा किनारा आणि पिजन आयलंड हे जुन्या ब्रिटिश किल्ल्याचे अवशेष असलेले ठिकाण, हे सर्व रस्ता मोकळा असल्यास धक्क्यापासून अर्ध्या तासाच्या आत येते. पिजन आयलंड पूर्वी खरोखरच बेट होते. १९७२ मध्ये भराव टाकून ते मुख्य भूमीला जोडण्यात आले. क्रिकेटवेड्यांसाठी सांगायचे तर ग्रोझिलेचे मैदानही याच बाजूला आहे. सुरेश रैनाने २०१० मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताचे ट्वेंटी-ट्वेंटीमधील पहिले आंतरराष्ट्रीय शतक याच मैदानावर केले आणि २०२४ च्या विश्वचषकात रोहित शर्माने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा इथेच कुटल्या. त्यामुळे गटातील किमान दोघे तरी ‘नुसते बाहेरून पाहून येऊ’ असा हट्ट धरतात. तो हट्ट दक्षिणेच्या सहलीत बसत नाही, हे त्यांना घरीच सांगून टाकावे.

निवडीसाठी माझा ठोकताळा असा आहे. जहाज धक्क्याला किमान आठ तास असेल आणि वळणांच्या रस्त्याचा त्रास होणारे एक-दोनच जण असतील, तर दक्षिणेला जावे. वेळ त्याहून कमी असेल, किंवा गुडघ्यांच्या आणि मळमळीच्या तक्रारी अर्ध्या गटाला असतील, तर निःसंकोचपणे उत्तर निवडावी आणि दिवस समुद्रकिनारी घालवावा. दोन्ही दिशा एका दिवसात उरकण्याचा प्रयत्न मात्र करू नये. पिटॉन पाहायचेच आहेत पण घाट नको, अशांसाठी तिसरा मार्ग समुद्राचा आहे. कॅस्ट्रीझजवळून कॅटमरान बोटी पश्चिम किनाऱ्याने सूफ्रिएरपर्यंत जातात. परंतु बोट लागणाऱ्यांना त्यात घाटापेक्षा अधिक सुख मिळेलच असे नाही. या लेखाचा पुढील भाग दक्षिणेच्या सहलीविषयी आहे, कारण नियोजनाची खरी गरज तिथेच असते.

निघण्यापूर्वीची कागदपत्रे

फ्लोरिडा किंवा प्वेर्तो रिकोहून सुटून तिथेच परतणाऱ्या क्रूझमध्ये बेटावर उतरणे सोपे असते. अडचण येते ती अमेरिकेत पुन्हा प्रवेश करताना. भारतीय पासपोर्टवरील आजी-आजोबांचा अमेरिकी व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा आहे याची खात्री तिकीट काढण्यापूर्वी करावी. एच-१बी वर असलेल्यांनी विशेष सावध राहावे. पासपोर्टातील व्हिसा संपलेला असतानाही कॅनडा आणि मेक्सिकोची अल्प मुदतीची वारी करून परत येण्याची जी सवलत मिळते, ती कॅरिबियन बेटांच्या प्रवासासाठी एच-१बी धारकांना लागू होत नाही. ‘मागच्या वर्षी नायगाराची कॅनडाची बाजू पाहून आलो, काही झाले नाही’ हा अनुभव इथे उपयोगाचा नाही. मार्गावरील प्रत्येक बेटाच्या व्हिसाविषयी क्रूझ कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे, कारण जहाजावर चढू द्यायचे की नाही हे शेवटी तीच ठरवते.

विम्याबाबत एक मुद्दा सहसा सुटतो. भारतातून आलेल्या आई-वडिलांसाठी अमेरिकेत घेतलेला आरोग्य विमा अमेरिकेबाहेर चालेलच असे नसते. पॉलिसीतील ती ओळ वाचून घ्यावी आणि गरज असल्यास क्रूझच्या दिवसांपुरता वेगळा प्रवास विमा घ्यावा.

वाहन: जहाजाची सहल की स्वतःची मिनीबस

जहाजातर्फे विकली जाणारी सहल महाग असते, पण तिचा एक मोठा लाभ आहे. रस्त्यात कितीही उशीर झाला तरी जहाज आपल्याच सहलीसाठी थांबते. स्वतंत्रपणे गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. तरीही दहा-बारा जणांच्या गटासाठी मी स्वतंत्र मिनीबसच सुचवेन. जहाजाच्या सहलीत चाळीस अनोळखी लोकांच्या वेगाने चालावे लागते आणि आजीला पाच मिनिटे टेकायचे असेल तर बस थांबत नाही. आपल्या मिनीबसमध्ये वेग आपल्या हातात असतो. मात्र वेळ पाळण्याची जबाबदारीही पूर्णपणे आपली असते, आणि ती घेणारा एक जण गटात नसेल तर जहाजाचीच सहल घ्यावी.

अधिकृत टॅक्सी आणि सहलीच्या वाहनांच्या क्रमांकाची सुरुवात ‘टीएक्स’ या अक्षरांनी होते, ते पाहूनच बसावे. चौदा आसनांच्या गाडीत चौदा जण भरू नयेत. बारा जण ठीक बसतात, त्याहून अधिक असतील तर दोन गाड्या कराव्यात. इथे वाहने भारताप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे अमेरिकेत वाढलेल्या मुलांना रस्ता ओलांडताना चुकीच्या दिशेला पाहण्याची सवय असते आणि आजी-आजोबांना नसते. त्या दिवसापुरता मुलांचा हात आजीने धरावा हे उत्तम.

भाडे ठरवताना चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. भाडे माणशी आहे की संपूर्ण गाडीचे, प्रवेश शुल्क त्यात धरले आहे की नाही, गाडीत वातानुकूलन आहे की नाही, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सांगितलेले डॉलर कोणते. सेंट लुशियाचे चलन पूर्व कॅरिबियन डॉलर हे आहे आणि १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० असा त्याचा दर स्थिर आहे. अमेरिकी नोटा सर्वत्र चालतात, परंतु सुटे पैसे स्थानिक चलनात मिळतात. म्हणून एक, पाच आणि दहाच्या नोटा पुरेशा न्याव्यात. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. ठरलेले भाडे आणि त्यावर दहा-पंधरा टक्के बक्षिसी धक्क्यावर परत आल्यानंतर द्यावी.

भेटीची जागा ठरवताना केवळ ‘क्रूझच्या धक्क्यावर’ असे लिहून चालत नाही. कॅस्ट्रीझच्या बंदरात जहाजे दोन ठिकाणी लागतात. उत्तरेच्या काठावर पॉइंट सेराफीन आहे आणि शहराच्या बाजूला ला प्लास कॅरेनाज आहे. एकाच दिवशी तीन-चार जहाजे आली की कोणते कुठे लागेल हे शेवटच्या दिवसांत बदलू शकते. आमच्या पहिल्या सहलीत चालक एका धक्क्यावर गटाच्या नावाची पाटी धरून उभा होता आणि आम्ही दुसऱ्या धक्क्यावर त्याच्या नावाने बोटे मोडत होतो; चाळीस मिनिटे गेल्यावर उलगडा झाला. तेव्हापासून मी चालकाला जहाजाचे नाव कळवतो आणि आदल्या संध्याकाळी जहाजावर धक्क्याची चौकशी करून पुन्हा संदेश पाठवतो.

वेळेचा हिशेब उलटा मांडावा

समजा, जहाज पाच वाजता सुटणार आहे आणि परत चढण्याची शेवटची वेळ साडेचार आहे. ही वेळ जहाजाच्या दैनिक पत्रकात छापलेली असते आणि सुटण्याच्या वेळेशी तिची गल्लत करू नये. धक्क्यावर साडेतीनला पोहोचायचे असे धरावे, म्हणजे एक तास हाताशी राहतो. परतीला दीड तास लागतो आणि वाटेतील थांब्यांना अर्धा तास, म्हणून सूफ्रिएर दीडच्या सुमारास सोडावे लागते. सकाळी साडेआठला निघून कुठेही न थांबता गेल्यास दहाला तिथे पोहोचता येते. याचा अर्थ नऊ तास धक्क्याला असलेल्या जहाजाच्या प्रवाशाला प्रत्यक्षात साडेतीन तास मिळतात. हा आकडा गटातील प्रत्येकाला आधीच सांगावा. अनेक वाद त्यामुळे उद्भवतच नाहीत.

जाताना न थांबण्यावर माझा विशेष भर आहे. बहुतेक चालक जाताना केळीच्या बागा, मॅरिगो बे, कोळ्यांचे गाव असे थांबे घेत जातात आणि सूफ्रिएरला पोहोचेपर्यंत साडेअकरा वाजतात. त्याऐवजी सर्वांत दूरच्या ठिकाणी आधी जावे आणि लहान थांबे परतीसाठी ठेवावेत. उशीर झालाच तर हे थांबे गाळता येतात. पिटॉन गाळता येत नाहीत. शिवाय सकाळी लवकर पोहोचल्यास मोठ्या बसगाड्यांची गर्दी मागे राहते.

घड्याळाविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे. सेंट लुशियाची वेळ वर्षभर एकच असते आणि भारताच्या साडेनऊ तास मागे असते. फ्लोरिडाची घड्याळे उन्हाळ्यात तिच्याशी जुळतात, पण हिवाळ्यात एक तास मागे असतात, आणि क्रूझचा हंगाम नेमका हिवाळ्याचा असतो. काही जहाजे बेटाप्रमाणे घड्याळ बदलतात, तर काही निघालेल्या बंदराचीच वेळ चालू ठेवतात. जहाजाने घड्याळ पुढे केले आणि आजोबांच्या मनगटावरचे तसेच राहिले, तर त्यांच्या लेखी साडेतीन वाजलेले असताना चढण्याची वेळ टळत आलेली असते. मोबाइल तर जमिनीवर बेटाची वेळ दाखवतो आणि जहाजावर त्याला वाटेल ती. म्हणून खाली उतरण्यापूर्वी जिन्याजवळ सर्वांनी जहाजाच्या घड्याळाशी आपापली घड्याळे ताडून पाहावीत आणि गटाने दिवसभर एकाच मनगटी घड्याळाला प्रमाण मानावे.

पिशवीत काय असावे, अंगावर काय नसावे

प्रत्येकाजवळ जहाजाचे कार्ड आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र असावे. पासपोर्ट कधी सोबत न्यावे लागतात, कधी खोलीतील तिजोरीत ठेवणे अधिक सुरक्षित असते. त्या दिवशी जहाज काय सांगते तसे करावे, पण पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांची प्रत मात्र जवळ ठेवावी. दैनिक पत्रकावर बंदरातील जहाजाच्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक असतो. ते पत्रक घडी घालून खिशात ठेवावे, कारण खरोखरच जहाज चुकले तर पहिला फोन त्यालाच करायचा असतो. लहान मुलांच्या खिशात जहाजाचे नाव, धक्क्याचे नाव आणि आईचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी.

लष्करी छापाचे कपडे सेंट लुशियात नागरिकांनी घालणे कायद्याने निषिद्ध आहे आणि त्यात मुलांच्या टोप्या व पाठपिशव्याही आल्या. पोहण्याच्या कपड्यांवर शहरात फिरणे असभ्य समजले जाते. हे बेट १४ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे गोव्याच्याही दक्षिणेला आहे. समुद्रावरून सतत येणाऱ्या वाऱ्यामुळे ऊन जाणवत नाही आणि त्वचा मात्र भाजते. टोपी आणि सनस्क्रीन यांच्याबरोबर हलके रेनकोटही घ्यावेत, कारण डिसेंबर ते मे हा कोरडा हंगाम असला तरी डोंगरात सर केव्हाही येते. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ आहे आणि त्या दिवसांत जहाज हे बंदरच वगळू शकते, म्हणून तेव्हा पैसे परत न मिळणारे आरक्षण करू नये.

वळणांचा त्रास होणाऱ्यांनी मळमळीची गोळी गाडी सुटण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी आणि पुढच्या आसनावर बसावे. पहिल्या वळणानंतर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही. आवळा सुपारी, आलेपाक आणि दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या गाडीत पुढे ठेवाव्यात, मागच्या डिकीतील सामानात नव्हे.

हजेरी

चौदा जणांचा गट सुटा पडण्यास कोणी हरवावे लागत नाही. दोघे नारळपाणी प्यायला थांबले, एक जण फोटो काढत राहिला, तेवढे पुरते. प्रत्येकाला एक क्रमांक द्यावा आणि गाडी हलण्यापूर्वी सर्वांनी आपला क्रमांक क्रमाने मोठ्याने म्हणावा. शाळेच्या सहलीत करतात तसे हे वाटते खरे, परंतु पंधरा सेकंदांत कोण नाही ते कळते आणि मुलांना त्यात मजा येते. एकाने सतत पुढे चालावे आणि एकाने सर्वांच्या मागे. मागे चालणाऱ्याचे काम अधिक कठीण असते, म्हणून ते गटातील सर्वांत सोशिक माणसाला द्यावे. बेटावर प्रत्येकाच्या फोनला इंटरनेट असेलच असे नाही. त्यामुळे ‘व्हॉट्सॲपवर टाकतो’ या भरवशावर न राहता प्रत्येक ठिकाणी उतरतानाच परत जमण्याची जागा आणि वेळ ठरवावी.

सूफ्रिएरचे साडेतीन तास

गाव येण्यापूर्वी एका वळणावर खाली सूफ्रिएरचा उपसागर आणि पलीकडे पती पिटॉन एकदम समोर येतात. इथे दहा मिनिटे थांबावे. न थांबण्याच्या नियमाला हा एकच अपवाद. ग्रो पिटॉन ७७० मीटर आणि पती पिटॉन ७४३ मीटर उंच आहे. सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून बनला, तर हे सुळके ज्वालामुखीतून वर आलेला घट्ट लाव्हा जागच्या जागी थिजून उभे राहिले आहेत, आणि थेट समुद्रातून वर चढत असल्याने ते आहेत त्याहून उंच भासतात. २००४ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. ग्रो पिटॉनवर वाटाड्यासह चढता येते, परंतु चढ-उतारास चार-पाच तास लागतात. गटातील दुर्गप्रेमींनी तो विचार पुन्हा कधी मुक्कामाला आल्यास करावा.

सर्वप्रथम सल्फर स्प्रिंग्स पाहावे. मोटार जिथपर्यंत नेता येते असा ज्वालामुखी, अशी त्याची जाहिरात केली जाते. प्रत्यक्षात ते एका जुन्या, खचलेल्या ज्वालामुखी-विवरातील गंधकाचे क्षेत्र आहे. १७६६ मध्ये तिथे वाफेचा लहानसा स्फोट झाला होता. त्यानंतर उद्रेक झालेला नाही, पण राखाडी चिखल अखंड उकळत असतो आणि सडक्या अंड्यासारखा वास गाडीत बसल्याबसल्याच येऊ लागतो. दमा असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी वाफांपासून दूर थांबावे. पाहण्याच्या कठड्यावरून वाटाड्याबरोबर फेरी करण्यास अर्धा तास पुरतो.

खाली ओढ्याच्या कोमट पाण्यात चिखलस्नानाची कुंडे आहेत. अंगाला काळा चिखल फासायचा, तो वाळू द्यायचा आणि गरम पाण्यात उतरून धुवायचा, असा हा प्रकार असतो. सुरुवातीला नाके मुरडणाऱ्या मावश्याच शेवटी बाहेर यायला तयार नसतात, हा माझा अनुभव आहे. मात्र तीन गोष्टी आधी सांगून ठेवाव्यात. चांदीचे दागिने, विशेषतः पायातील जोडवी आणि पैंजण, गंधकाच्या वाफांनी काळे पडतात, म्हणून ते जहाजावरच काढून ठेवावेत. फिकट रंगाच्या कपड्यांवरचे डाग जात नाहीत. जुने, गडद कपडे घालावेत. आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गरम पाण्यात दहा मिनिटांहून अधिक बसू नये. पायऱ्या ओल्या व निसरड्या असतात, तेव्हा आजी-आजोबांना खाली न्यायचेच असेल तर दोन्ही बाजूंना माणूस हवा.

कपडे बदलून निघेपर्यंत साडेअकरा वाजलेले असतात. यानंतर गटाचे दोन भाग करण्यास हरकत नाही, मात्र त्यासाठी गाड्या दोन हव्यात. ज्यांना चालायचे आहे त्यांनी तेत पॉलच्या पायवाटेवर जावे. पाऊण तासाची ही फेरी स्थानिक वाटाड्याबरोबर होते, वाटेत अननस, कसावा आणि औषधी झाडे दाखवली जातात आणि माथ्यावरून दोन्ही पिटॉन एकाच वेळी दिसतात. उरलेल्यांनी डायमंड येथील वनस्पती उद्यानात जावे. तिथली सपाट वाट जायफळ, कोको आणि हेलिकोनियाच्या झाडांतून खनिजांमुळे रंग पालटणाऱ्या धबधब्यापर्यंत जाते. जवळच लुई सोळाव्याच्या सैनिकांसाठी १७८४ मध्ये बांधलेल्या स्नानगृहांचे अवशेष आहेत. फ्रान्सचा राजा इथे कुठून आला असे मुले विचारतात, तेव्हा त्यांना सांगावे की ब्रिटिश आणि फ्रेंच यांच्यात हे बेट चौदा वेळा हातबदल झाले, १८१४ मध्ये ते ब्रिटिशांकडे कायम झाले आणि २२ फेब्रुवारी १९७९ रोजी स्वतंत्र झाले. म्हणूनच अधिकृत भाषा इंग्रजी असूनही लोक आपसात फ्रेंच वळणाची क्वेयोल बोलतात आणि गावांची नावे लिहितात एक, उच्चारतात दुसरे.

किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी एक गंभीर सूचना. कॅरिबियन किनाऱ्यांवर मॅन्शिनील नावाचे अत्यंत विषारी झाड आढळते. त्याची फळे लहान हिरव्या सफरचंदांसारखी दिसतात आणि वासाला गोड असतात. फळ चाखू तर नयेच, पण झाडाचा चीक लागला तरी त्वचेवर फोड येतात, आणि पावसात त्याखाली आडोशाला उभे राहणेही धोक्याचे असते. काही ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवून खूण केलेली असते, पण सर्वत्र नसते. अनोळखी झाडाखाली बसू नये आणि पडलेले फळ उचलू नये, हे मुलांना बजावून ठेवावे.

शाकाहारी गटाचे जेवण

जहाजावरील फळे, सँडविच किंवा शिजवलेले अन्न खाली नेण्यास सहसा परवानगी नसते. कारखान्यात सीलबंद केलेली चिवड्याची वा शेंगदाण्याच्या लाडवांची पाकिटे बहुधा चालतात. तरी दुपारी भूक लागतेच. सूफ्रिएरला बसून ताटावर जेवायचे ठरवले तर चौदा जणांसाठी तास-सव्वा तास जातो, आणि हातात एकूण साडेतीन तास आहेत हे पुन्हा आठवावे. त्याऐवजी चालकाला आदल्या दिवशीच रोटी सांगून ठेवावी. कॅरिबियनमध्ये रोटी म्हणजे पोळीत गुंडाळलेली भाजी. त्यात बटाटा-छोल्यांचा शाकाहारी प्रकार मिळतो. ही पोळी भारतीय मजुरांबरोबर या समुद्रात आली. सेंट लुशियात करारावर आणलेल्या भारतीयांचे पहिले जहाज १८५९ मध्ये लागले. ते लोक प्रामुख्याने उत्तर भारतातले होते. म्हणून चवीत आपली आमटी शोधू नये, पण हाताला ओळख लागते.

नाव ऐकून फसू नये असे दोन पदार्थ आहेत. ‘ग्रीन फिग’ म्हणजे अंजीर नव्हे, तर उकडलेली कच्ची केळी. ती खारवलेल्या माशाबरोबर खातात आणि तोच इथला राष्ट्रीय पदार्थ आहे. ‘आक्रा’ ही भजी दिसायला आपल्या बटाटाभज्यांसारखी असली तरी त्यात मासा असतो. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, कारण मासा मांसात धरला जात नाही. मांस नको, मासा नको, आणि अंडे चालते की नाही, हे तिन्ही स्वतंत्रपणे सांगावे. भाजलेला ब्रेडफ्रूट मिळाल्यास अवश्य घ्यावा. कोकण-गोव्याकडच्यांना तो विलायती फणस म्हणून परिचित असतो.

काहीही विचारण्यापूर्वी आधी ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणावे. आपल्याकडे दुकानात शिरताच ‘हे केवढ्याला?’ विचारतात तसे केल्यास इथल्या माणसाचा चेहरा आक्रसतो. एका अभिवादनाने तोच माणूस मोकळा होतो. विक्रेत्यांना नकार द्यायचा असल्यास थांबून, हसून ‘नो, थँक यू’ म्हणावे. मुलांच्या खांद्यावर पोपट किंवा अजगर ठेवून फोटोचे पैसे मागणाऱ्यांना आधीच नाही म्हणावे, नंतर नाही म्हणता येत नाही. पोवळे किंवा कासवाच्या कवचाच्या वस्तू विकत घेऊ नयेत. अमेरिकेच्या सीमाशुल्क विभागात त्या जप्त होतात.

परतीचा रस्ता

दीड वाजता हजेरी घेऊन निघावे. आता राखून ठेवलेले थांबे घेता येतात, पण सगळे नाहीत. पहिला कॅनरीज आणि आन्स ला रे या गावांच्या दरम्यानचा कसावा ब्रेडचा. साबुदाणा ज्या कंदापासून बनतो त्याच कंदाच्या पिठाच्या जाड भाकऱ्या इथे मोठ्या लोखंडी काहिलीवर भाजतात. खोबऱ्याच्या व दालचिनीच्या गोड भाकऱ्या शाकाहारी असतात, खाऱ्या माशाची वेगळी असते. ‘म्हणजे उपासाला चालेल का?’ हा प्रश्न गाडीत निघतोच आणि त्यावर आन्स ला रे येईपर्यंत चर्चा पुरते. पुढे रोझोच्या खोऱ्यात केळीच्या बागा लागतात. घडांवर घातलेल्या निळ्या पिशव्या जळगावकडच्यांना नवलाच्या वाटणार नाहीत. मॅरिगो बेचा देखावा वरच्या वळणावरून दहा मिनिटांत पाहून होतो. खाली उतरू नये, चढ परत चढण्यात वेळ जातो.

कॅस्ट्रीझमध्ये तीनला पोहोचलो तर बाजार आणि डेरेक वॉलकॉट चौक पाहता येतो. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे आर्थर लुईस (१९७९) आणि साहित्याचे नोबेल मिळवणारे वॉलकॉट (१९९२) हे दोघेही याच लहानशा बेटाचे सुपुत्र, आणि दोघांचाही जन्मदिवस २३ जानेवारी. चौकात ‘सामान’ नावाचा एक विशाल वृक्ष आहे. आपल्याकडे रस्त्याकडेला लावलेला पर्जन्यवृक्ष तोच. सव्वातीन वाजून गेले असतील तर मात्र हा थांबा घेऊ नये. जहाजाच्या दिवशी शहरातील एकच मुख्य रस्ता गाड्यांनी तुंबतो आणि पॉइंट सेराफीन समोर दिसत असूनही तिथे पोहोचायला वीस मिनिटे लागू शकतात. कोणाला मसाले, कोको किंवा आठवणवस्तू घ्यायच्या राहिल्या असतील, तर धक्क्यावरील दुकानांत सुरक्षित दाराच्या आतच घ्याव्यात. किंमत थोडी जास्त पडते, पण जहाज डोळ्यांसमोर असते.

धक्क्यावर शेवटची हजेरी घ्यावी, चालकाचे पैसे द्यावेत आणि मगच जिन्याकडे वळावे. उरलेले ताजे फळ, मग ते कितीही चांगले असो, तिथेच देऊन टाकावे, कारण ते जहाजावर नेऊ देत नाहीत. वर गेल्यावर चिखलाचे कपडे लगेच थंड पाण्यातून काढावेत, अन्यथा गंधकाचा वास खोलीत दुसऱ्या बंदरापर्यंत पुरतो. गटाचा हिशेबही त्याच संध्याकाळी जेवणापूर्वी मिटवावा. पुढच्या बेटावर चलन वेगळे असू शकते आणि कोणी कोणाच्या रोटीचे दिले होते हे कोणालाच आठवत नाही. आणि सांगूनही जोडवी काढायची ज्यांची राहून गेली असतील, त्यांनी घाबरू नये. मऊ फडक्यावर थोडे दंतमंजन घेऊन घासल्यास ती पुन्हा उजळतात.